राजकवीची कसोटी

माणूस आपला पंथ बदलतो तेव्हा लोक प्रथम त्याच्या श्रद्धेची चौकशी करीत नाहीत, लाभाची करतात. ‘याला काय मिळाले?’ या एका प्रश्नाने इंग्लंडचा थोर कवी आणि नाटककार जॉन ड्रायडन याची पाठ मरणानंतरही सोडली नाही.

ड्रायडनचा जन्म १६३१ सालचा, प्युरिटन वळणाच्या घराण्यातला. १६५८ मध्ये क्रॉमवेल वारला तेव्हा त्याने त्याचे गुणगान केले आणि १६६० मध्ये दुसरा चार्ल्स परतताच त्याच लेखणीने राजाचे स्वागत केले. १६६८ मध्ये तो राजकवी झाला. रंगभूमीवर त्याचा दबदबा होता. रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १६७५ मध्ये, लंडनच्या रंगमंचावर त्याचे ‘औरंगझेब’ हे नाटक आले; आणि खरा औरंगझेब तेव्हा दिल्लीच्या तख्तावर होता!

१६८२ मध्ये ड्रायडनने अँग्लिकन पंथाच्या समर्थनार्थ एक दीर्घ काव्य लिहिले. १६८५ मध्ये दुसरा जेम्स हा कॅथलिक राजा गादीवर आला आणि त्यानंतर लवकरच ड्रायडनही कॅथलिक झाला. १६८७ मध्ये त्याने कॅथलिक ख्रिस्तसभेला शुभ्र हरिणीची उपमा देणारे काव्य प्रसिद्ध केले. विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले. वाऱ्याची दिशा पाहून पाठ फिरवणारा, असा शिक्का त्याच्यावर बसला. एकोणिसाव्या शतकात मेकॉले या इतिहासकाराने तर वर्षाला शंभर पौंडांच्या वेतनासाठी त्याने धर्म विकला, असा आरोप केला. पुढे कागदपत्रांतून उलगडा झाला, की ते वेतन चार्ल्सनेच दिलेले होते. जेम्सने ते केवळ चालू ठेवले.

१६८८ मध्ये ड्रायडनने संत फ्रान्सिस झेवियर यांचे फ्रेंच चरित्र इंग्रजीत आणले. गोव्याच्या मातीत विसावलेल्या या प्रेषिताची कथा अशा रीतीने एका राजकवीच्या लेखणीतून इंग्रज वाचकांपर्यंत पोहोचली. त्याच वर्षाच्या अखेरीस जेम्सला देश सोडून पळावे लागले. तिसरा विल्यम आणि मेरी सत्तेवर आली. खरी कसोटी आता होती.

एक शपथ घेतली असती तर सारे टिकले असते. ड्रायडनने ती घेतली नाही. राजकवीचे पद गेले. आणि ते मिळाले कोणाला, तर ज्याची त्याने आपल्या काव्यात यथेच्छ टर उडवली होती त्या शॅडवेलला! पुढे कॅथलिकांवर दुप्पट जमीन-कर बसला. साठीकडे झुकलेल्या या माणसाने पोटासाठी पुन्हा नाटके लिहिली, भाषांतरे केली. १६९७ मध्ये त्याचा व्हर्जिलचा अनुवाद निघाला. तो राजा विल्यमला अर्पण करावा, असा प्रकाशकाचा आग्रह होता. ड्रायडन बधला नाही. तेव्हा प्रकाशकाने चित्रांतील इनियसचे नाक विल्यमसारखे बाकदार करवून घेतले! चित्रातील नाक वळले. कवीची मान मात्र वळली नाही. १ मे १७०० रोजी तो कॅथलिक म्हणूनच निवर्तला. त्याचा एक मुलगा डॉमिनिकन धर्मगुरू झाला.

सेमिनरीत मला ड्रायडन भेटला तो उपरोधाचा बादशहा म्हणून. धर्मग्रामात काम करू लागल्यावर मात्र त्याच्या काव्यापेक्षा त्याची ती अखेरची बारा वर्षेच मला अधिक आठवतात. बाप्तिस्म्यासाठी आलेल्या माणसाला शेजारीपाजारी विचारतात, ‘तुला काय मिळाले?’ आपल्या पूर्वजांविषयीही हाच प्रश्न कधी उघड, कधी आडून विचारला जातो. त्याला वादाने उत्तर देता येत नाही. ड्रायडनच्या पहिल्या पावलात स्वार्थाचा कणही नव्हता, असे छातीठोकपणे कोण सांगेल? मनुष्याचे हेतू क्वचितच निर्भेळ असतात. परंतु मिश्र हेतूने आलेल्यालाही परमेश्वर परत पाठवीत नाही. तो त्याला भट्टीत घालून शुद्ध करतो.

म्हणून मला वाटते, श्रद्धेचा हिशेब प्रवेशाच्या दिवशी मांडू नये. माणूस कोणत्या दारातून आत आला, यापेक्षा बाहेर पडण्याची सारी दारे सताड उघडी असताना तो आत का राहिला, हे पाहावे. हा प्रश्न केवळ नव्याने आलेल्यांसाठी नाही. जन्माने ख्रिस्ती असलेल्या तुम्हाआम्हालाही तो केव्हातरी चुकवता येणार नाही.