ओमडाट

डच भाषेत 'कारण'साठी दोन शब्द आहेत, 'वांट' आणि 'ओमडाट'. अर्थ एकच. 'वांट'नंतर वाक्य नेहमीच्या क्रमाने चालतं. 'ओमडाट' आलं की मात्र क्रियापद उठतं आणि वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं. आइंडहोव्हनमधल्या आमच्या संध्याकाळच्या वर्गात या नियमाला सगळे अडखळायचे. मला तो पहिल्याच दिवशी जमला. क्रियापद शेवटी ठेवायची सवय मला जन्मापासूनची.

जमला तो फक्त वहीत. बाकी सगळा आनंदच होता. नामाआधी 'डे' लावायचं की 'हेट', हे बहुतेक वेळा पाठच करावं लागतं. घर 'हेट', पण त्याच घराचं दार 'डे'. शब्दाला 'ये' जोडून वस्तू लहान केली की ती हमखास 'हेट' होते, म्हणून मुलगीसुद्धा, 'मेइशे', नपुंसकलिंगी. आपण 'ते पोर' म्हणतो तसं.

ऑफिसमध्ये मी डचमध्ये एक वाक्य बोलले की समोरचा लगेच इंग्रजीवर यायचा. चांगुलपणानेच. मग मी बोलणंच सोडलं. अंदाज घेत गप्प थांबण्याला डचमध्ये 'मांजर झाडावरून उतरायची वाट बघणं' अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे. माझं मांजर तीन वर्षं झाडावरच होतं.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं. मी त्यांना आदराने 'ऊ', म्हणजे 'तुम्ही' म्हणायचे. दुसऱ्याच भेटीत त्या म्हणाल्या, 'येइ' म्हण. म्हणजे 'तू'. पंच्याहत्तरीच्या बाईंना अगं-तुगं करायचं? मग लक्षात आलं, सांगलीत माझ्या आजीलाही मी 'तू'च म्हणते. आमच्या घरात अहो-जाहो फक्त बाबांना.

गेल्या जानेवारीत पहाटे आईचा फोन आला. बाबांना आयसीयूत ठेवलं होतं. मिळेल ते तिकीट काढलं आणि बॅग घेऊन जिना उतरले. आजी दारातच उभ्या होत्या. एवढ्या सकाळी कुठे, असं त्यांनी विचारलं.

"इक खा नार हाउस, ओमडाट मेइन फाडर झीक इस."

घरी जातेय, कारण माझे वडील आजारी आहेत. 'ओमडाट'पासून पुढचा एकही शब्द मला हलवावा लागला नाही. मेइन, माझे. फाडर, वडील. झीक, आजारी. इस, आहेत. मनात मराठीत जे चाललं होतं, तेच त्याच क्रमाने बाहेर आलं.

आजींनी माझा हात धरला आणि एकच शब्द म्हणाल्या, "स्टेर्कटे." शब्दशः अर्थ, बळ. आजारपणात, दुःखात, कठीण परीक्षेआधीही डच माणसं हाच शब्द म्हणतात. 'सगळं ठीक होईल' असं खोटं आश्वासन त्यात नसतं. सांगलीच्या हॉस्पिटलबाहेरच्या बाकड्यावर बसून मी तो शब्द आईला समजावून सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे धीर धर."

बाबा सावरले. महिन्याभराने मी परतले, तेव्हा जिन्यातच आजींनी विचारलं, "बेन ये वेअर टाउस?" परत घरी आलीस?

'नार हाउस' म्हणजे घराकडे आणि 'टाउस' म्हणजे घरी. जाताना पहिला शब्द मी सांगलीसाठी वापरला होता. दुसरा त्यांनी इथल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटसाठी वापरला. क्षणभर थांबून मी 'या' म्हटलं, म्हणजे हो.

मग त्यांच्याकडे कॉफी प्यायले. तासभर डचमध्ये बाबांबद्दल सांगत होते. निम्मे 'डे' आणि 'हेट' चुकले. आजींनी प्रत्येक वेळी दुरुस्त केले, पण इंग्रजीवर आल्या नाहीत.