मेढ

वेंगुर्ल्याच्या वाटेवर काजूच्या एका कारखान्यापाशी आमची गाडी क्षणभर थांबली आणि भाजलेल्या टरफलांचा तो उग्र, डोळ्यांना झोंबणारा दर्प आत शिरला, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला. मला मात्र काकांनी स्वहस्ते उभारलेल्या गोठ्याच्या मेढी आठवल्या. त्यांच्या बुंध्यांना याच टरफलांचे काळे तेल चोपडलेले असे.

काका स्थापत्यशास्त्र शिकलेले नव्हते. परंतु पुरलेले लाकूड प्रथम कुजते ते तळाशीही नव्हे आणि वरही नव्हे, तर जेथे हवा आणि ओल यांची गाठ पडते त्या जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून ऐनाच्या सोटाची साल काढून, तेवढा भाग जाळावर करपवून, त्यावर ते तेलाचे हात देत. मग जांभ्यात पहारीने खड्डा खणावयाचा, मेढ उभी करावयाची, सभोवार दगड ठासावयाचे. छपराचा सारा भार मेढींवर. कुडाने केवळ पावसाची झड अडवावी. मेढ सरळ धरण्याचे काम माझ्याकडे असे. काका दूर जाऊन, एक डोळा मिटून पाहत आणि म्हणत, "हालू नको रे झिला." त्या खरबरीत लाकडाला मिठी मारून उभे असताना पहारीचा प्रत्येक ठोका माझ्या छातीत उमटे.

पुढे पुण्यास शिकत असता इनामगावविषयी वाचनात आले. घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने 1968 पासून तेथे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या त्या झोपड्यांचे लाकूड केव्हाच मातीत मिसळले होते. चोपलेल्या जमिनी, चुली आणि कडेने खांबांचे खळगे तेवढे तीन सहस्र वर्षांनंतरही शाबूत होते. त्या खळग्यांच्या नकाशावरून बोट फिरवताना, विद्यार्थ्यास शोभेल असे काही सुचण्याऐवजी, हे खांब धरून कोणाचे पोर उभे राहिले असेल आणि त्याला दटावले कोणी असेल, एवढेच मनात येत राहिले.

काकांच्या पश्चात चुलतभावांनी कर्ज काढून गोठा 'पक्का' केला : सिमेंटचे खांब, वर पत्रा. हिशेबाने त्यांचेच बरोबर आहे. मालकीच्या जमिनीतला ऐन तोडण्यासही सरकारी परवाना लागतो, आणि नळे शाकारणारे गडी आता मिळत नाहीत. तरीही त्या पत्र्याविषयीची माझी अढी वयाबरोबर वाढतच आहे. वैशाखातल्या दुपारी त्याखाली माणसाला घटकाभर उभे राहवत नाही. गुरे दावी ताणतात आणि सुटली की थेट फणसाखाली जातात. मेढ कुजे, म्हणून ती बदलण्याच्या निमित्ताने वाडीतली चार माणसे अंगणात जमत, काकूच्या हातचा चहा होई, जुनी भांडणे मिटत, क्वचित नवी लागत. सिमेंट कुजत नाही, म्हणून आता कोणी येत नाही.

तेव्हा ज्यांना पत्रा घालणे भागच आहे, त्यांनी निदान पाऊस सरताच त्यावर पेंढ्याचा जाड थर पसरावा आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून वर माडाच्या झावळ्या बांधाव्यात, एवढी विनंती.