आठ हजारांतला एक

अकोल्यात आमचे बालपण एका जिनिंगच्या भिंतीला लागून गेले. दिवाळीनंतर आवारात कापसाच्या गंजी लागत. आम्ही पोरे त्यांत खडे भिरकावीत असू. खडा आत गडप होई, आवाजसुद्धा येत नसे. एकदा मात्र ठक्क झाले आणि खडा उसळून पायाशी आला. चौकीदाराने तेथे उकरले, तर फुटका पाटा निघाला. वजन भरण्यासाठी कोणीतरी दडवलेला.

पुढे अमरावतीस विज्ञान शाखेत दोन वर्षे काढली (मग मराठीकडे वळलो), तेव्हा हा पाटा पुन्हा भेटला. थॉमसनचा अणू म्हणजे कलिंगड, असे आम्हांला शिकवले होते: धन प्रभाराचा गर आणि त्यात इलेक्ट्रॉनच्या बिया. १९०९ साली मँचेस्टरला रदरफोर्डने २० वर्षांच्या मार्सडेनला सांगितले, धातूवर आपटलेले अल्फा कण मोठ्या कोनातून वळतात का, तेवढे पाहा. वळतील अशी अपेक्षा नव्हती. गायगर आणि मार्सडेन यांनी अंधाऱ्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, झिंक सल्फाइडच्या पडद्यावरील ठिणग्या मोजल्या. प्लॅटिनमवरून सुमारे ८००० कणांतील एक माघारी येत होता. अल्फा कण इलेक्ट्रॉनपेक्षा ७००० पटींहून जड. बियांच्या धक्क्याने तो परतणे शक्य नाही, आणि गर तर सर्वत्र विरळ पसरलेला. १९११ मध्ये रदरफोर्डने निष्कर्ष मांडला: अणूचा धन प्रभार व जवळजवळ सारे वस्तुमान एका अतिसूक्ष्म केंद्रात असले पाहिजे. १९१३ मध्ये त्याच दोघांनी कोनागणिक कण मोजून त्याचे सूत्र पडताळले. आमच्या पुस्तकात हा शेवटचा भाग नव्हता. आम्हांला तोच अधिक मोलाचा वाटतो. एक खडा उसळला की पाटा आहे म्हणणे सोपे. तो केवढा, हे अनेक खडे मोजल्याविना कळत नाही.

साहित्याला अणूच्या उपमा लावण्याची आम्हांला हौस नाही. पण काही वर्षांपूर्वी उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थिनीने कवितेचा अर्थ सर्वांच्या, आमच्या टिपणांच्याही, उलट लावलेला दिसला. बाकी सारा गठ्ठा एकसारखा होता. आम्ही 'विषयांतर' असा शेरा मारला आणि १० पैकी २ गुण दिले. दुसऱ्यांदा वाचले नाही.

तिने पुढे मराठी सोडले. तिचे म्हणणे नेमके काय होते, ते आता आम्हांला आठवत नाही. शेरा तेवढा आठवतो.