बदगुमानी

ही गोष्ट २०११ सालची. जिंतूरला आम्ही एक जुनी गाडी घेतली, ती अब्बांसाठी. त्यांना दम्याचा त्रास. केव्हा परभणी गाठावी लागेल, याचा भरवसा नसे. रोज चालवली तर गाडी ठीक चाले. शनिवारी दुपारी उभी केली की मात्र सोमवारी सकाळी चावी फिरवताच नुसता 'टक' असा आवाज. मग गल्लीतल्या पोरांना गोळा करून धक्का मारायचा.

दुकानदार म्हणाला, बॅटरी गेली. पगारातून नवी आणली. दोन आठवड्यांत तिचीही तीच गत. तेव्हा आमची नजर टेपवर गेली. तो आमच्या भाच्याने बसवलेला. पोरगा नुकताच वायरिंगचे काम शिकत होता. आम्ही टेप काढून टाकला. बॅटरी तरी उतरलीच. तेव्हा आम्ही म्हणालो, पोराने आत कुठे वायर उघडी सोडली असेल. शक एकदा मनात बसला की त्याला पुरावा लागत नाही.

एका रविवारी रात्री अब्बांना ॲटॅक आला. गाडी मुकी. शेजारच्या काकांनी जीप काढली. चाळीसेक किलोमीटरचा तो रस्ता आम्ही अब्बांची पाठ चोळत काढला. अल्लाच्या मेहरबानीने वेळेत पोचलो. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात, आपासमोर, आम्ही भाच्याला म्हणालो, "तुझ्या कामाने आज अब्बांचा जीव गेला असता." पोरगा काही बोलला नाही. पुढे ईदलाही तो घरी आला नाही.

महिन्याभराने परभणीत एका वयस्कर उस्तादांकडे गाडी नेली. आम्ही टेपची कहाणी सुरू करताच ते म्हणाले, "शक नक्को करो मास्टर, नापो."

चावी काढली, दारे बंद केली. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडू नये म्हणून. ती वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडला, दहा अँपियरच्या खुंटीवर. मीटर मध्ये असताना गाडी चालू करायची नाही, नाहीतर मीटरच जळतो, हेही बजावले. बंद गाडीत घड्याळ वगैरेपुरता थोडा करंट जातो. तो ०.०५ अँपियरच्या आत असावा. इथे ०.९ दिसत होता. आमची बॅटरी ३५ अँपियर-तासांची. हिशेब सोपा होता: चाळीस तासांत सगळी रिकामी.

मग उस्ताद एकेक फ्यूज काढू लागले. टेपचा काढला. आकडा हलला नाही. दिव्यांचा, हॉर्नचा, पंख्याचा काढला. तरी ०.९ च. सगळे फ्यूज बाहेर आल्यावर त्यांनी अल्टरनेटरची जाड वायर सोडली, आणि आकडा शून्यावर आला.

अल्टरनेटर म्हणजे बॅटरी भरणारे यंत्र. त्यातले डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतात. एखादा गळू लागला की उभ्या गाडीत बॅटरीतला करंट उलटा वाहून जातो. दिवसभर जो भरत होता, तोच रात्री रिकामा करत होता. त्याच्यावर आमचा शक कधी गेलाच नव्हता. शक गेला तो हाताशी असलेल्या गरीब पोरावर.

डायोडची प्लेट बदलली. गाडी चार दिवस उभी राहिली आणि पहिल्याच चावीला सुरू झाली. पण आमचे मन थाऱ्यावर नव्हते. वर्गात आम्ही पोरांना सांगतो की बदगुमानी गुनाह आहे. स्वतःच्या घरात मात्र आम्ही न मोजताच निकाल दिला होता.

त्याच संध्याकाळी आपाच्या घरी गेलो. काढलेला टेप सोबत नेला. भाच्याला सगळे सांगितले, आणि आपासमोरच माफी मागितली. तो बराच वेळ टेपकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मामू, मीटर कितीला मिळतो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला मीटर घेऊन दिला.