दिघोरी ते जपान : बाबांचे 'बरं आहे'

नागपूरहून भंडारा, लाखनी करीत पूर्वेकडे निघाले की सुमारे शंभर किलोमीटरवर साकोली लागते. तेथून लाखांदूरच्या रस्त्याला वळले की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू होतात. मधूनच एखादा तलाव, पाळीवर मोहाची झाडे, पाण्यात उभे बगळे. याच रस्त्यावर आमचे दिघोरी गाव. नोव्हेंबरात गेलो तर हवेत कापलेल्या धानाचा वास असतो. हलके धान घरी आलेले असते, चिन्नोरसारखे वासाचे भारी धान अजून उभे असते. परदेशात डोळे मिटले की आम्हाला हाच वास आठवतो.

आम्ही दोघे नवराबायको बारा वर्षांपासून जपानात, टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो. संगणकाच्या कामावर आलेली पुष्कळ भारतीय कुटुंबे तेथे आहेत. आपल्या लोकांना जपान हे नाव नवीन नाही. भदंत सुरई ससाई हे मूळचे तिकडचेच, आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस तर १९९९ पासून सर्वांनी पाहिलेले आहे.

यंत्रांचा नाद आम्हाला लहानपणापासून. घरचा रेडिओ उघडून पाहिल्याबद्दल मार खाल्लेला आहे. गावात टेलिफोन आला तेव्हा पिवळ्या पाटीच्या बूथसमोर आम्ही तासन्‌तास उभे राहत असू. खेड्यातला फोन ही साधी गोष्ट नव्हती. ओडिशातील तितलागढचे सॅम पित्रोदा १९६४ साली अमेरिकेला शिकायला गेले, तेथे इंजिनियर झाले आणि पुढे मायदेशी येऊन त्यांनी खेड्यांच्या टेलिफोनचे काम हाती घेतले. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली. तिने १२८ लाईनचे लहान एक्सचेंज तयार केले. ते आपल्याकडच्या उन्हात आणि धुळीत, थंड खोलीशिवाय चालत असे. दूर देशी गेलेला माणूस आपल्या गावाच्या उपयोगी पडू शकतो, हे आम्हाला तेव्हाच पटले होते.

आमच्या जपानातल्या घरात आज सगळी यंत्रे बोलतात. आंघोळीचे पाणी तापले की भिंतीतून बाईचा आवाज येतो. भूकंप होणार असेल तर काही सेकंद आधी मोबाईल ओरडतो. भात शिजला की कुकर गाणे वाजवतो. हा विजेचा भाताचा कुकर जपानचाच. तोशिबा कंपनीने तो १९५५ च्या अखेरीस बाजारात आणला. त्याची युक्ती साधी होती. आतल्या भांड्यात तांदूळ, बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी. बाहेरचे पाणी आटले की उष्णता शंभर अंशांच्या वर चढते, दोन धातूंची पट्टी वाकते आणि वीज बंद होते. पहाटे उठून चुलीसमोर बसणाऱ्या किती बायांची त्यामुळे सुटका झाली असेल!

असाच एक कुकर आम्ही एकदा मायसाठी दिघोरीला आणला. मोठ्या हौसेने बटन दाबले आणि दोन मिनिटांत धूर निघाला. जपानात घरची वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. दाब दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. या हिशोबाने कुकरला पाचपटीहून जास्त ताप सोसावा लागला. आम्ही इंजिनियर म्हणवणारे, पण तळाची पट्टी वाचायचे विसरलो. माय हसली. "कायले आणलास बाबू एवढ्या दुरून? गंजात भात होते ना!" त्या कुकरच्या आतल्या भांड्यात ती आज लाखोरीची डाळ ठेवते.

ही चूक हसण्यावारी गेली. दुसरी गेली नाही.

बाबांशी आम्ही रोज बोलत होतो. आपली संध्याकाळचे सहा म्हणजे तिकडचे रात्रीचे साडेनऊ. जेवणे आटोपली की व्हिडिओ कॉल लावायचा. पडद्यावर सपरी दिसे, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो दिसे, आणि बाबांचे अर्धे कपाळ. "जयभीम बाबा, कसे आहात?" "जयभीम. बरं आहे." "जेवण?" "बरं आहे." "औषध घेता ना?" "हो, बरं आहे." फोन ठेवताना आम्हाला समाधान वाटे. निघताना बाबांनीच आम्हाला सांगितले होते, बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले तेव्हा पत्र बोटीने जात असे, उत्तर यायला आठवडे लागत, तुमचे बरे आहे. खरेच आमचे बरे आहे असे वाटे.

एकदा आम्ही कोयासानला गेलो. डोंगरावरचे बाराशे वर्षांचे जुने बौद्ध क्षेत्र. तेथल्या विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा बसविण्यात आला. पुतळ्यासमोरून फोटो पाठवला आणि त्या रात्री अर्धा तास बाबांना सगळे वर्णन सांगितले. झाडे केवढी उंच आहेत, थंडी किती होती, पुतळ्यापाशी उभे राहून आम्हाला काय वाटले. बाबा मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "बरं आहे."

गेल्या नोव्हेंबरात गावी गेलो. दुसऱ्या दिवशी सपरीत बसून बाबा आमच्या मोबाईलवर फोटो पाहत होते. एका फोटोवर थांबले. "हा पुतळा कुठचा? मुंबईचा का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तो कोयासानचा पुतळा होता.

मायने मग सांदवाडीत नेऊन सांगितले. "दोन वर्षं झाले, त्यायले फोनवरचं काही आयकू येत नाही. तुमचे ओठ हालताना दिसले का 'बरं आहे' म्हणतेत." आधी का सांगितले नाही, असे विचारले तर म्हणाली, "त्यायनच मना केलं. पोरं एवढ्या दुरून फोन लावतेत, कायले त्यायच्या जिवाले घोर?"

बाबांनी तीस वर्षे भाताच्या गिरणीत काम केले. त्या पैशातून आमचे शिक्षण झाले. कानाच्या आत अगदी बारीक केसांसारख्या पेशी असतात. सततच्या गोंगाटाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. पहिल्यांदा बारीक, उंच आवाज जातात. अ, आ, ओ ऐकू येतात, पण स, श, त, फ गळतात. म्हणजे कोणी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे ते कळत नाही. समोर माणूस असला तर ओठ पाहून निम्मे समजते. मोबाईलच्या छोट्या, अडखळणाऱ्या चित्रात तेही हुकते. हे सगळे आम्हाला ठाऊक होते. आवाजाची यंत्रे हा तर आमच्या आवडीचा विषय. पण वडिलांच्या दोन वर्षांच्या 'बरं आहे' मागे काय आहे, हे आम्ही ओळखले नाही.

नागपूरला नेऊन कान तपासले आणि श्रवणयंत्र घेतले. यंत्र लावले की लगेच सगळे ठीक होते, असा आमचा समज होता. तसे नसते. यंत्र हवा तो आवाज वाढवते तसा नको तोही वाढवते. पहिल्या दिवशी पंख्याच्या आवाजाने बाबा वैतागले. डॉक्टरांनी सांगितले, रोज थोडा वेळ लावा, डोक्याला सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुट्टीचे उरलेले दिवस आम्ही तेच केले. संध्याकाळी पंखा बंद करून, तोंडासमोर बसून, सावकाश बोलायचे. कोयासानची हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. या वेळी बाबांनी सहा-सात प्रश्न विचारले. तेथील भिक्खू काय जेवतात, हेही विचारले.

आता फोनच्या आधी आम्ही दिवसाची हकीकत मोठ्या अक्षरांत लिहून पाठवतो. बाबा चष्मा लावून वाचतात, मग बोलणे होते.

ज्या वाचकांची मुले पुण्याला, दुबईला, अमेरिकेला आहेत, त्यांनी आपले दुखणे लपवू नये. आणि आमच्यासारख्या मुलांनी 'कसे आहात' एवढ्यावर थांबू नये. आज भाजी कोणती होती, धान किती पोते झाले, कोण भेटून गेले, असे विचारावे. ज्याचे उत्तर 'बरं आहे' असे देता येणार नाही, असा एक तरी प्रश्न रोज विचारावा.

परवा आम्ही फोनवर काहीतरी भराभर बोलून गेलो. पलीकडून बाबांचा आवाज आला, "आयकू नाही आलं. पुन्हा सांग."

आम्ही पुन्हा सांगितले.