ढोलकीचा उंबरठा

ऑर्केस्ट्राच्या मंचावर उभ्याने वाजवल्या जाणाऱ्या त्या आठ रबरी चौकटींकडे आम्ही पुष्कळ वर्षे काहीशा तुच्छतेने पाहत आलो. रोलंड या जपानी कंपनीने १९८५ मध्ये 'पॅड-८' आणले, त्याचे नाव ऑक्टोपॅड. आपल्याकडे पुढे ते नाव त्या सबंध जातीलाच चिकटले, जसे वनस्पती तुपाला डालडा. त्या पहिल्या यंत्राला स्वतःचा आवाजच नव्हता. कोणत्या चौकटीवर किती जोराने आघात झाला, एवढी वार्ता ते मिडीच्या तारेतून दुसऱ्या यंत्राला कळवी, आणि वाजे ते दुसरेच. मिडी हा संकेत १९८३ मधला. त्यात आघाताचा जोर सांगायला १ ते १२७ एवढे आकडे. शून्य म्हणजे आवाज थांबला. नुसत्या बोटाच्या स्पर्शापासून मैदान दणाणून सोडणाऱ्या थापेपर्यंत जे काही माणसाला करता येते, ते या १२७ पायऱ्यांवर कुठेतरी बसवायचे.

या पायऱ्या मोजण्याची पाळी आमच्यावर आली ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे आमचे थोरले काका. तरुणपणी तमाशाच्या फडात आणि नंतर शहरातल्या लावणीच्या कार्यक्रमांतून त्यांनी आयुष्यभर ढोलकी वाजवली. आता उजव्या हाताची दोन बोटे संधिवाताने आखडत चालली आहेत. त्यांचा नातू ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो आणि त्याच्याकडचे नवे यंत्र बाहेरचे आवाज भरून घेऊ शकते, हे कळल्यावर एके दिवशी ते आम्हाला म्हणाले, "तुला इंग्रजी वाचता येतं ना? मग त्याचं ते पुस्तक वाच आणि माझा हात त्या पेटीत भरून ठेव. हात आहे तोवर."

खिडक्यांना गाद्या लावून दोन दिवस ध्वनिमुद्रण चालले. शाईकडचे बोल, आतून मसाला लावलेल्या धूमेकडचे बोल. प्रत्येक बोल हलका, मध्यम आणि भारी असा तीनदा. तीनदा अशासाठी, की एकच मुद्रित आवाज जोर बदलून पुन्हापुन्हा वाजवला तर तो फक्त लहानमोठा होतो, त्याची जात बदलत नाही. खऱ्या कातड्याचा तसा स्वभाव नव्हे. जोराची थाप ही हलक्या थापेची मोठी आवृत्ती नसते, ती वेगळीच वस्तू असते. अण्णांना मात्र सुटा बोल वाजवणे जमेना. "एकटी थाप कशी वाजवू? तिच्या मागची कुठे आहे?" असे ते चिडून विचारीत. शेवटी आम्ही त्यांना सलग वाजवू दिले आणि नंतर एकेक थाप कापून काढली. प्रत्येक थापेच्या शेपटीला पुढच्या थापेची चाहूल लागलेली निघे, आणि ती तोडताना आम्हाला आपण काही अनुचित करीत आहोत असे वाटत राहिले.

मग मांडणी. एका चौकटीवर दोन आवाज एकावर एक रचून, अमुक जोरानंतर दुसरा बोलावा असे ठरवता येते. काही चौकटींना एका गटात बांधता येते, म्हणजे त्यांतली एक वाजली की दुसरीचा आवाज तुटतो. मूळची सोय उघड्या आणि मिटलेल्या हाय-हॅट झांजांची, आम्ही ती दाबलेल्या धूमेला लावली. इथवर पुस्तक उघडून काम भागले. अडलो ते 'थ्रेशोल्ड'पाशी. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. ज्या आघाताचा जोर या आकड्याहून कमी, तो आघातच नव्हे, अशी यंत्राची समजूत. काठीने वाजवणारे तो वर ठेवतात, नाहीतर शेजारच्या चौकटीचा वा तिवईचा कंपही आघात म्हणून मोजला जातो. पण ढोलकियाची बोटे दोन बोलांच्या मध्ये कातड्यावर नुसती फिरत, टेकत असतात. तो बोल नव्हे आणि शांतताही नव्हे. उंबरठा चढवला तेव्हा हे सारे गळून पडले. अण्णांनी ऐकले आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण हा कवायत करतोय." उतरवला तेव्हा खोलीतून कुणी चालले तरी धूम बोलू लागली.

कोणता स्पर्श वादनात धरावा हा प्रश्न अण्णांच्या हाताला पन्नास वर्षांत कुणी विचारला नव्हता. यंत्र तो पहिल्याच दिवशी विचारते, आणि त्याला आकड्यातच उत्तर हवे असते.

घुमाऱ्याची गोष्ट निराळी. धूमेवर थाप मारून तळहात दाबत नेला की स्वर वर सरकतो. तो कुठे थांबेल हे हात त्या क्षणी ठरवतो. चौकटीला आघातानंतरचे काही कळत नाही. पुस्तकात एका कोपऱ्यात उपाय सापडला: पायाच्या पेडलला स्वराचे नियंत्रण जोडता येते. नातवाने ते जोडले, दोन आठवडे घासले, आणि बऱ्यापैकी घुमारा काढू लागला. अण्णांना अभिमान वाटेल असे आम्हाला वाटले होते. ते म्हणाले, "डाव्या हाताचं काम पायाला लावलंस?" वाद्याला पाय लागला तर कपाळाला हात लावणाऱ्या घराण्यातले ते, पाश्चात्त्य ड्रमसेटमध्ये खर्ज पायानेच वाजवतात हे समजावून उपयोग नव्हता. नातू काही बोलला नाही. हल्ली तो वाजवायला बसण्यापूर्वी वाकून पेडलला हात लावतो आणि मग त्यावर पाय ठेवतो.

तो संच यंत्रात 'अण्णा' याच नावाने जतन केला आहे. अण्णा दर रविवारी येतात, दुखऱ्या बोटांनी रबरावर थोडा वेळ वाजवतात, रबर कातड्यासारखे हात परत देत नाही म्हणून कुरकुरतात, आणि जाण्यापूर्वी आम्हाला उंबरठा एकाने खाली आणायला लावतात. कार्यक्रमाच्या दिवशी मंचावरच्या स्पीकरांच्या हादऱ्याने चौकट्या आपोआप वाजू नयेत म्हणून नातू तो पुन्हा एकाने वर नेतो. दोघांनाही हे ठाऊक आहे.