कूलरमागचा राऊटर

मे महिना. नागपूरच्या हुडकेश्वरात कूलर लागले की आमच्या घरचं वायफाय अडखळतं. दोन उन्हाळे आम्ही इंटरनेटवाल्यालाच दोष देत होतो. यंदा नीट पाहिलं. फायबरची तार जिथून घरात शिरते तिथंच राऊटर ठोकलेला, आणि त्याच्या पुढ्यात कूलर. म्हणजे पत्र्याची पेटी, तिन्ही बाजूंना ओल्या ताट्या, तळाशी पाणी. पत्रा लहरी परतवून लावतो, पाणी त्या शोषून घेतं. राऊटर उचलून पलीकडच्या भिंतीवर, डोक्याच्या वर लावला. आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल पुन्हा सुरळीत झाला. नवीन काही विकत आणावं लागलं नाही.

*

वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माऊस यांची बहुतेक गर्दी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. तिथली लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची. थेट आलेली लहर आणि भिंतीवर आपटून आलेली लहर एकमेकींत मिसळतात. कुठे जोर वाढतो, कुठे जवळपास शून्य होतो. जोराची जागा आणि शून्याची जागा यांत अंतर काही बोटांचंच असतं. म्हणून संदेश तुटला तर आधी यंत्र चार बोटं सरकवून बघावं. हा उपाय पोरकट वाटतो, पण त्याच्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे.

*

आईच्या श्रवणयंत्रात फोनचा आवाज ब्लूटूथने येतो. घरात उत्तम, सकाळी मोकळ्या प्लॉटांकडे फिरायला गेली की तुटक. उलटं व्हायला हवं ना? घरात भिंती असतात. शरीर आडवं आलं तरी लहर भिंतीवरून वळसा घेऊन कानापर्यंत पोचते. उघड्यावर परतवणारं काही नाही, आणि माणसाचं शरीर बरंचसं पाणीच. फोन डाव्या हाताच्या पिशवीत, यंत्र उजव्या कानात. आता ती पिशवी उजव्या खांद्याला अडकवते आणि बहिणीशी चालता चालता बोलते. मला या विषयातलं सगळ्यात मोलाचं काही वाटत असेल तर हेच.

*

हुडकेश्वर २०१३ मध्ये महापालिकेत आलं. लेआउट भरत गेले, घराला घर लागलं. माझ्या खोलीत बसून फोनवर पाहिलं तर शेजाऱ्यांचे राऊटर दोन्ही हातांच्या बोटांत मावत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा भारत सरकारने २००५ मध्ये परवानामुक्त केला. अट अशी की कुणाला मक्ता नाही, दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर संरक्षणही मागायचं नाही. म्हणजे सामाईक विहीरच.

पट्टा अवघा ८३.५ मेगाहर्ट्झचा. वायफायचे चॅनेल ५-५ मेगाहर्ट्झवर, पण एकेकाला जागा लागते वीसेक मेगाहर्ट्झची. म्हणून एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. लोकांची चूक इथं होते. १ वर गर्दी, ६ वर गर्दी, मग ‘मोकळा’ दिसला म्हणून ३ घेतात. एकाच चॅनेलवरचे राऊटर एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. ३ वरच्याचं बोलणं १ ला आणि ६ ला कळत नाही. दोघांनाही तो गोंगाट होतो, आणि त्याला ते दोघे. गर्दीत रांगेत उभं राहणं परवडतं, रांगेच्या मधे आडवं उभं राहणं नाही.

ब्लूटूथची रीत वेगळी. क्लासिक ब्लूटूथ ७९ वाटांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं. २००३ च्या १.२ आवृत्तीपासून ते खराब वाटा टिपून ठेवतं आणि तेवढ्या टाळतं. गर्दीच्या लेआउटमध्येही कानातलं गाणं चालू राहतं ते यामुळे.

*

शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टसाठी सीताबर्डीहून एनआरएफ२४ ही अँटेनावाली बिनतारी मॉड्यूल आणली. टेबलावर हातभर अंतरावर दोन ठेवली, ताकद पूर्ण, आणि संदेश पोचेना. तो आणखी मोठा अँटेना घ्यायला निघाला होता. मी ताकद सर्वात खाली आणायला लावली, पुरवठ्याच्या पिनांवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायला सांगितला. चाललं. कारणं दोन. ग्राहक यंत्राच्या अगदी कानाशी ओरडलं की त्याचा अँप्लिफायर भरून जातो आणि लहरीचा आकारच बिघडतो. दुसरं, पाठवण्याच्या क्षणी मॉड्यूल एकदम करंट ओढतं, ३.३ व्होल्ट खाली बसतात. कपॅसिटर तेवढ्यापुरता साठा धरतो. मात्र तो मॉड्यूलला चिकटून हवा, वीतभर तारेच्या टोकाला नको.

*

बिनतारी माऊस अडकतोय? डोंगलशेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क आहे का बघा. तिच्या वेगवान डेटाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झपर्यंत पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून मांडलं. हातभर एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल दूर न्यावा.

*

जुन्नर तालुक्यात खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी ती जागा निवडली, तिथली रेडिओ-शांतता हे एक मोठं कारण होतं. अशा वेधशाळांत गोंगाट करणारी यंत्रं धातूच्या बंदिस्त खोलीत ठेवतात. माझ्या घरात पत्रा अडथळा ठरला, तिथं तोच औषध.

*

बूस्टर घेण्याआधी राऊटरची सेटिंग उघडा. २.४ च्या पट्ट्यात चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ असेल तर २० करा. ४० ठेवली तर जवळपास अर्धा पट्टा आपण एकटेच अडवतो. चॅनेल १, ६ किंवा ११ यांतला एक ठेवा. टीव्ही आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर न्या. आणि हे शेजारच्या घरीही सांगा, कारण त्यांचा राऊटर सुधारल्याशिवाय तुमचा पूर्ण सुधारणार नाही.